पंपाच्या पोटातलं भोक

काळी-पिवळी म्हणजे फिएट, असं समीकरण मुंबईत होतं त्या काळात मे महिन्याच्या दुपारी एक दृश्य हमखास दिसायचं. सिग्नलच्या पुढे, फुटपाथाला लागून टॅक्सी उभी, बॉनेट वर, आणि टॅक्सीवाला बाटलीतलं पाणी एका फडक्यावर ओततोय. ते ओलं फडकं इंजिनाच्या कुशीत बसवलेल्या मुठीएवढ्या धातूच्या डबीवर पसरलं जायचं. दहा मिनिटं थांबायचं, स्टार्टर मारायचा, आणि भाडं पुढे निघालं. ही डबी म्हणजे पेट्रोल खेचणारा पंप. गॅरेजात त्याला ‘एसी पंप’ म्हणत. ज्या गाडीत गारवा मिळवायचा तर काच खाली करण्यावाचून उपाय नव्हता, तिच्यातल्या सगळ्यात तापट अवयवाचं नाव एसी असावं ही गंमतच. आज जुनी फिएट किंवा अँबॅसडर हौसेने बाळगणाऱ्याला हा पंप दोन गोष्टींसाठी माहीत असतो: तो तापतो आणि तो गळतो. तापण्याबद्दल तक्रार रास्त आहे. गळण्याबद्दल मात्र या पंपाची बदनामी जरा अन्यायाची झाली, असं त्याचा इतिहास पाहिल्यावर म्हणावं लागतं. पंपाच्या खालच्या अंगाला, बनवतानाच, एक बारीक भोक पाडलेलं असतं. पंप आतून फाटला की पेट्रोल त्या भोकातून बाहेर यावं अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे हे यंत्र करणाऱ्याने ते एक दिवस गळणार हे धरूनच चाललं होतं, आणि ते कुठून गळतंय हे वाकून बघणारा माणूसही त्याने गृहीत धरला होता. पंप बराच काळ तसाच राहिला. तो वाकून बघणारा माणूस कसा आला आणि कसा गेला, हा या लेखाचा विषय.

एसी ही दोन अक्षरं एका माणसाची आहेत. आल्बेर शाँपियाँ हा फ्रेंच सायकलपटू. पॅरिस ते रूबे ही दगडी रस्त्यांवरची कुप्रसिद्ध शर्यत त्याने १८९९ साली जिंकली होती. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने स्पार्क प्लगच्या धंद्यात नाव काढलं आणि १९०८ मध्ये तो मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी, जनरल मोटर्सच्या वळचणीला आला. त्याच्या आडनावाचा इंग्रजी उच्चार ‘चँपियन’; ते नाव आधीच्या भागीदारांकडे राहिलं होतं, तेव्हा अखेर कंपनीने त्याची आद्याक्षरं घेतली. तो स्वतः १९२७ मध्ये वारला; पंपाची भरभराट बघायला तो नव्हता. त्याच सुमारास कंपनीने पडद्याचे यांत्रिक पंप बनवायला घेतले आणि १९२९ च्या सहा सिलिंडरवाल्या शेवरोलेवर असा पंप बसून आला. जनरल मोटर्सने त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. तेव्हा हा पंप आणि त्याचं नाव आपल्या मिस्त्र्यांच्या कानावर पडायला फार वर्षं लागली नसावीत. पुढे बनवणारा कुणीही असो, पडद्याचा पंप तो एसी पंप, असं झालं. कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं.

पंप यायच्या आधी पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत स्वतःच्या वजनाने वाहत जाई. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं निघाली; तिची टाकी पुढच्या सीटखाली. चढ तीव्र असला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की टाकीची पातळी कार्बोरेटरच्या खाली जायची आणि इंजिन उपाशी राहायचं. मग गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत. दुसरा उपाय होता व्हॅक्यूम टाकीचा, ज्याला इंग्लंडात ऑटोव्हॅक म्हणत. इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर मागच्या टाकीतलं पेट्रोल बॉनेटखालच्या एका छोट्या टाकीत चढवायचं आणि तिथून खाली सोडायचं. यात मेख अशी की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती ओढच कमी होते. म्हणजे बोरघाटासारख्या लांब चढावर, नेमकी पेट्रोलची गरज वाढते तेव्हाच छोटी टाकी भरायची थांबणार. मध्येच पाय सैल सोडून तिला दम द्यावा लागणार. पण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. वरून खाली वाहणारं पेट्रोल गळायला लागलं की रात्रंदिवस गळतं. गाडी चालू असो, उभी असो, थेंब तोच. त्या गळतीवरून जोड सैल आहे एवढंच कळतं. यांत्रिक पंपाने टाकी खाली आणि मागे नेली, पेट्रोलला आधी ओढायचं आणि मग ढकलायचं असे दोन टप्पे केले. त्याबरोबर गळतीला वेळ आणि जागा मिळाली: इंजिन चालू असतानाच गळते, की बंद केल्यावर, ओढण्याच्या बाजूला, की ढकलण्याच्या. गळतीवरून आतल्या दोषाचा माग काढता येऊ लागला तो इथपासून.

पंपाची रचना सोपी आहे. इंजिनातल्या कॅमशाफ्टवर एक फुगीर चाक असतं. ते फिरताना पंपाच्या दांड्याला दर फेरीला एक धक्का देतं. दांडा आतला पडदा, म्हणजे डायफ्राम, खाली खेचतो; वर पोकळी होते, एक व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीतलं पेट्रोल आत येतं. दांड्याचं काम तिथे संपलं. पडद्याला पुन्हा वर ढकलतं ते खालचं स्प्रिंग, आणि पेट्रोल दुसऱ्या व्हॉल्व्हमधून कार्बोरेटरकडे जातं. यातली खरी हुशारी स्प्रिंगमध्ये आहे. कार्बोरेटर भरला, त्याची सुई बंद झाली, की पडद्याला वर जायला वाव उरत नाही. तो खालीच थांबतो आणि दांडा नुसता हलत राहतो. इंजिन कितीही जोरात पळो, दाब स्प्रिंगचा, म्हणजे दर चौरस इंचाला दोन ते चार पौंड. सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या कितीतरी पट हवा भरतो आपण. पडदा फाटला तर पेट्रोल खालच्या कप्प्यात उतरतं, आणि हा पंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टने जोडलेला असल्यामुळे तिथून पुढची वाट सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइलमध्ये जाते. ते टाळायला खाली ते भोक. कुणी म्हणेल, भोक आहे ते पडद्याखालच्या हवेला ये-जा करायला. त्यात गळतीचा निरोप-बिरोप काही नाही. हवेसाठी ते लागतं हे खरंच. पण हवेला वर काय अन् खाली काय, सारखंच. भोक खालच्या अंगाला पाडलंय ते पातळ पदार्थाला वाट मिळावी म्हणून, आणि जिथे वाकून बघणाऱ्या माणसाच्या नजरेला थेंब दिसेल अशा जागी.

या थेंबाचं वाचन हे जुन्या मिस्त्र्याचं खरं कसब होतं. पंप ओला दिसला म्हणजे पंप गळतो, ही पहिली चूक. पेट्रोल नळीवरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला जमून टपकतं. कार्बोरेटरची सुई नीट बसत नसेल तर वरचं पेट्रोल नळीने उतरून पंपावर येतं आणि आळ पंपावर. म्हणून जाणता माणूस आधी सगळं पुसून कोरडं करायचा. संशयाच्या जोडावर खडूची पूड भुरभुरली की इंजिन सुरू झाल्यावर ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा उघडी पडते. पंपाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग स्क्रूंनी जोडलेले असतात आणि पडद्याची कडा त्यांच्यामध्ये चिमटलेली असते. त्या सांध्यावर ओल दिसली तर स्क्रू ढिले, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी ते बेताल आवळून धातूची कडाच वाकवलेली. ती सरळ करायची तर काचेच्या तुकड्यावर एमरी पेपर पसरून त्यावर भाग घासायचा. घाईत पुन्हा आवळलं तर कडा आणखी वाकणार. खालच्या भोकातून पेट्रोल आलं तर पडदा गेला. त्याच भोकातून ऑइल आलं तर पडदा शाबूत आहे आणि दांडीचं सील गेलंय. दोन्ही थेंब मळलेले, दोन्ही काळपट. फरक कळायचा कसा? कोरा कागद खाली ठेवायचा. पेट्रोल उडून जातं, ऑइलचा डाग राहतो. पंप जिथे इंजिनाला टेकतो तिथे ओल असेल तर पॅकिंगचा दोष, पेट्रोलशी त्याचा संबंधच नाही. आणि टाकीकडच्या नळीचा जोड सैल असेल तर एक थेंबही पडत नाही. तिथे पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, गाडी चढावर अडखळते, आणि पंपावर काचेची वाटी असेल तर तिच्यात बुडबुडे दिसतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या पंपावर हाताने पेट्रोल चढवायची छोटी कळही होती. ती दाबून इंजिन न फिरवता हे सगळं तपासता येई. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी माझगावात जीप जोडायला घेतल्या, तेव्हा अशा पंपांची ओळख लष्कराच्या कार्यशाळेबाहेरही पसरली.

सगळ्यात धोकादायक गळती ती, जी दिसत नाही. वर्षानुवर्षांची धूळ आणि ऑइल यांचा लगदा साचून भोक बुजलं, किंवा इंजिनाला हौसेने रंग देताना रंगाखाली गेलं, तर फाटलेल्या पडद्यातलं पेट्रोल बाहेर येण्याऐवजी चेंबरमध्ये उतरतं. पंप कोरडा ठणठणीत. उलट डिपस्टिक काढून पाहावं तर ऑइल वाढलेलं! जुन्या गाडीत ऑइल कमी होणं ही रोजची चिंता. ते आपोआप वाढलं याचा आनंद मानणाऱ्या मालकाला थोड्याच दिवसांत बेअरिंगांचं बिल भरावं लागतं, कारण पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल भार पेलत नाही. डिपस्टिक नाकाला लावण्याची जुन्या फिटरांची सवय इथून आलेली. पेट्रोलच्या टाकीला तडा गेला की तिथे साबण घासण्याची युक्ती आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तेव्हा तात्पुरतं काम भागतंही. तीच युक्ती या भोकावर चालवली तर गळती थांबेल आणि इंजिन जाईल. म्हणून ‘पंप गळायचा थांबला’ ही खबर जुन्या गॅरेजात आनंदाची मानली जात नसे.

काही ब्रिटिश गाड्यांनी वेगळी वाट घेतली. मॉरिस आणि एमजी यांच्यावर एसयू कंपनीचा विजेवरचा पंप असायचा. चावी फिरवली की तो टिक-टिक करत कार्बोरेटर भरायचा आणि भरला की गप्प बसायचा. त्याचा दोष डोळ्यांऐवजी कानांनी ओळखायचा. इंजिन बंद असतानाही मधूनमधून टिक ऐकू आली तर पुढे कुठेतरी पेट्रोल निसटतंय. अखंड, घाईघाईने टिकटिक चालू राहिली तर मागे हवा घेतोय किंवा टाकी रिकामी आहे. पंप मुका झाला तर आतले पॉइंट जळालेत, आणि त्याला एक टपली मारली की बहुतेक वेळा तो पुन्हा बोलू लागतो. ही पद्धतही वाईट नव्हती. पण मॉरिस ऑक्सफर्ड इथे येऊन अँबॅसडर झाली आणि पुढे तिच्यावर यांत्रिक पंप बसला, आणि फिएटवर तर तो पहिल्यापासूनच होता. त्यामुळे भारतीय मिस्त्र्याची जडणघडण कानापेक्षा डोळ्यांवर आणि नाकावर झाली.

आता मुंबईकडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचंय त्यांनीच राहावं. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डने गाशा गुंडाळला. कुर्ल्यातून १९५४ पासून फिएट ११०० निघू लागली, १९६४ मध्ये तिचीच डिलाइट आली, आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, मूळ धाटणी युद्धापूर्वीची. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, तेव्हा जुनी टिकवण्यावाचून इलाज नव्हता. एकेक टॅक्सी दिवसाला दोन पाळ्यांत धावायची. तिचा पंप तिच्या आयुष्यात किती वेळा उघडला जाई याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण ऑपेरा हाऊसच्या आसपासच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत पडदा, स्प्रिंग, व्हॉल्व्ह आणि पॅकिंग यांचं ‘किट’ सहज मिळायचं, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्यांचे पंप ढिगाने. रस्त्याच्या कडेला, वर्तमानपत्राच्या कागदावर भाग मांडून, अर्ध्या तासात पंप उभा करणारी माणसं या व्यवस्थेने घडवली.

इथे हमखास येणारा आक्षेप असा: हे कसब वगैरे काही नाही, ही टंचाई होती. नवा पंप मिळत नव्हता, परवडत नव्हता, म्हणून लोक जुनाच शिवत बसले. गरिबीला कला म्हणण्याची आपल्याला खोडच आहे. आक्षेपात तथ्य आहे आणि त्या खोडीचा राग मलाही येतो. पण तो पूर्ण पटत नाही, कारण स्क्रूंनी जोडलेला, उघडता येणारा, पोटात भोक असलेला पंप टंचाईच्या देशात जन्मलेला नव्हता. तो फ्लिंटमध्ये, त्या काळच्या जगातल्या सगळ्यात सुबत्तेच्या मोटार-बाजारासाठी जन्मला, आणि तिथेही दुरुस्तीची किट विकली जातच होती. उघडता येणं हा त्या रचनेचा मूळ स्वभाव होता. टंचाईने आपल्याकडे फक्त त्याचं आयुष्य लांबवलं. फ्लिंटच्या कारागिराने जो माणूस कल्पिला होता तो अमेरिकेत १९६० च्या दशकात कमी होऊ लागला, कारण पत्र्याच्या कडा दुमडून कायमचे बंद केलेले पंप आले. मुंबईत तो आणखी तीसेक वर्षं टिकला. एवढाच फरक.

ओल्या फडक्याचीही हीच गोष्ट, आणि ती अधिक मजेची. उन्हाळ्यात पंपापाशीच पेट्रोल उकळून वाफ होते. पंपाला पातळ पदार्थ ढकलता येतो, वाफ नुसती दबते आणि फुगते, इंजिन उपाशी. फिएटसारख्या गाड्यांत पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवायला बेकलाइटची जाड चकती असायची, म्हणजे कारखान्यालाही हे ठाऊक होतं. ओल्या फडक्याचं शास्त्र माठाचंच: पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पण पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की उकळणं सोपं होतं. टाकीकडच्या बाजूला कुठे हवा शिरत असेल, पडदा ढिला पडला असेल, तर त्यात भर पडते. म्हणून एकाच स्टँडवरच्या, एकाच वर्षाच्या दोन टॅक्सींपैकी एक दुपारभर धावते आणि दुसरीला दर तासाला फडकं लागतं, असं होऊ शकतं. फडक्याने जी गाडी दहा मिनिटांत शुद्धीवर आली तिचा दोष उन्हाचा. जी आली नाही, किंवा पुन्हापुन्हा बसली, तिचा पंप उघडायचा. फडकं उपचार तर होतंच, तपासणीही होतं. टॅक्सीवाला अडाणीपणाने पंपाला ‘थंड पट्ट्या’ ठेवतो असं हसून बघणाऱ्यांना यातला दुसरा अर्धा भाग कधी कळला नाही. मात्र फडक्यावर भागतंय म्हणून गळका पडदा तसाच पळवणारेही पुष्कळ होते, हे मान्य करावं लागेल.

मग हा माणूस गेला कसा? आधी मारुती आली, डिसेंबर १९८३ मध्ये, आणि जुनी गाडीच टिकवत राहण्याची सक्ती हळूहळू ओसरू लागली. पुढे २००० च्या आसपास प्रदूषणाच्या निकषांनी कार्बोरेटरच हटवला आणि पंप टाकीच्या पोटात, पेट्रोलमध्ये बुडून, विजेवर चालू लागला. त्याचा दाब जुन्या पंपाच्या दसपट. काळ्या-पिवळ्या फिएटना तोवर न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीची टाकी बसू लागली होती. त्यात जुना पंप राहिला, कॅमशाफ्ट त्याला हलवतही राहिला, पण पेट्रोल नावापुरतं. कोरडा पडलेला पडदा आखडतो, तडकतो, आणि कुणाला ते कळतही नाही, कारण गळायला पेट्रोलच नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला तेव्हा तिच्या मीटरबद्दल, कॅरियरबद्दल, छताला आतून लावलेल्या रंगीबेरंगी रेक्झिनबद्दल लिहिलं गेलं. पंप दुरुस्त करणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

आता या गोष्टीत ऊस येतो. जुने पडदे वार्निश पाजलेल्या कापडाच्या थरांचे असत. नंतर कापडावर कृत्रिम रबर आलं, बहुधा नायट्राइल. हे रबर साध्या पेट्रोलला दाद देत नाही. पण १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल आलं, त्याचं मिश्रण बदललं, आणि २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत त्यात पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं, आता पेट्रोल पंपावर वीस टक्केच मिळतं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं आणि पुढे मऊ पडून फाटतं. शिवाय ते पाणी ओढतं, त्याने धातू गंजतो. म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या मळीतून निघालेला अर्क कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीचा पडदा खातो. यावरून कुणी म्हणेल, बघा, दोष इंधनाचा आहे, थेंब वाचणारा माणूस असता तरी काय करणार होता? इंधनाचा वाटा मोठा आहे, वादच नाही. पण इथेनॉलने वाढली ती गळतीची संख्या; गळतीचे प्रकार तेच राहिले. पडदा, कडा, सील, नळी, कार्बोरेटरची सुई, यांतलं काय गेलं हे ओळखण्याची रीत पूर्वीचीच. ज्याने ती रीत सोडली तो दर वर्षी नवा पंप आणतो, त्यातही जुन्याच रबराचा पडदा असतो, आणि तो पुन्हा फाटतो. ज्याने भोकातलं पेट्रोल बघून पडदा ओळखला, त्याला एवढंच शोधायचं उरतं की इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरो-रबराचा पडदा कुठे मिळतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे: आगीचा. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल टपकू देणारी रचना चांगली कशी म्हणायची? याचं उत्तर मी पंपाच्या बाजूने ओढूनताणून देणार नाही. आजची बंदिस्त, इंजिनापासून लांब, टाकीत बुडालेली व्यवस्था एकंदरीत अधिक सुरक्षित आहे. दोनच गोष्टी नोंदवायला हव्यात. यांत्रिक पंप इंजिन थांबलं की थांबतो, त्याला निराळ्या स्विचची गरज नाही. आणि त्याचा दाब इतका कमी की नळी सुटली तर धार लागते, फवारा उडत नाही. हौशी लोक सुरक्षिततेच्या नावाखाली जुन्या गाडीला कुठला तरी विजेचा पंप लावतात. त्याचा दाब कार्बोरेटरच्या सुईला पेलत नाही, आणि अपघातात इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेल तर तो पेट्रोल ओततच राहतो. थेंब टाळायला जाऊन धार पदरी घ्यायची. तेव्हा आक्षेप नव्या रचनेच्या बाजूने खरा आहे, या जोडकामाच्या बाजूने नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूप न बदललेली गाडी त्यात बसते आणि तिच्या नोंदणीत ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. १९७४ च्या पहिल्या पद्मिन्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. काल-परवापर्यंत भंगारात जाणारी टॅक्सीची बहीण आता दस्तऐवजाच्या दर्जाची झाली, आणि तिचा मूळ पंप हा त्या मूळ स्वरूपाचा भाग आहे. अशी पद्मिनी ज्यांच्या दारात आहे त्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं: नवा पंप मागवण्याआधी जुन्याच्या पोटातलं भोक तारेने मोकळं करा, पंप पुसून कोरडा करा, खाली कोरा कागद पसरा आणि इंजिन पाच मिनिटं चालवा. मग कागद वाळू द्या आणि डाग राहतो का ते बघा.